गाळाचं विरजण

१

आमच्याकडे पाहुणे फारसे येत नाहीत, आणि आले तरी कॉफी संपायच्या आत त्यांना काहीतरी काम आठवतं. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, तोंडावर कोणी बोलत नाही. आम्ही दोघं बहीणभाऊ सांडपाण्याच्या प्लांटवर कामाला. अख्ख्या कुंभकोणमची मोरी आणि संडास तिथं येतो, आणि त्याचा वास आमच्याबरोबर घरी येतो. शिकेकाई लावा, चंदन उगाळून लावा, तो जात नाही. सवयीनं आम्हाला तो कळत नाही, इतकंच.

माझं नाव पंकजा. नवरा वारल्यावर मी मेलकावेरीला धाकट्या भावाकडे, सेतूकडे, राहायला आले. मी प्लांटच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते, तो टाक्यांवर मशीन बघतो. त्याचं लग्न झालं नाही. मुलीकडचे बघायला यायचे, माणूस आवडायचा, मग नाकाला पदर लागायचा. पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा हसला, मग म्हणाला, बस झालं. पण रोज कामावरून आला की तासभर न्हाणीघरात अंग घासत बसे. काथ्यानं घासून घासून कोपरं लाल करून घेई. मी ओरडायची, "कातडें काढून वाळत घाल एकदां!"

घरात आम्ही आमची तंजावुरी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याहून आलेल्या एक बाई एकदा म्हणाल्या, तुम्ही बखरीतल्यासारखं बोलता हो. बोलत असू. बखरीतल्या लोकांचाही संडास कोणीतरी साफ करतच असेल.

सेतूच्या हाताला मात्र गुण होता. इडलीचं पीठ तो कालवायचा. आमच्याकडे मानतात, पीठ फुगणं कालवणाऱ्याच्या हातावर असतं. माझ्या हातानं ते निम्मं फुगतं. सेतूनं मनगटापर्यंत हात घालून चार वेळा फिरवलं की सकाळी झाकण वर उचललेलं असायचं आणि पीठ ओट्यावर उतरलेलं. शेजारच्या भुवनेश्वरी मामी सणाला आपलं पीठ आमच्याकडे कालवायला पाठवायच्या. वासाची तक्रार त्या दिवशी नसायची.

२

उन्हाळ्यात आमची हवेची टाकी मेली.

टाकी मरते म्हणजे काय, ते सांगायला हवं. टाकीत तपकिरी गाळ असतो. तो गाळ जिवंत असतो, नुसते जिवाणू. खालून ब्लोअरनं हवा सोडत राहायचं. ते श्वास घेतात, घाण खातात, पाणी साफ होतं, नदीत जातं. भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कोणीतरी चोरून गटारात ॲसिड सोडलं असावं. सकाळी गेलो तर गाळ काळा पडला होता आणि पृष्ठभागावर पांढरा फेस. मैलापाणी जसंच्या तसं नदीत चाललं होतं.

नवीन गाळ लावावा लागतो. दही लावण्यासारखंच आहे, विरजण लागतं. दुसऱ्या गावच्या प्लांटहून टँकरनं आणतात, पण टँकर मिळेना. शेण कालवून घातलं, धरलं नाही. आमचे इंजिनिअर अरुणकुमार माणूस चांगला, पण घाई फार. वरून रोज फोन. शेवटी त्यांनी ऐकलं की साक्कोट्टैच्या पलीकडे एका खेड्यात देवळाचं जुनं तळं उपसताहेत, आणि तळाशी कंबरभर गाळ निघालाय. लोक शेताला नेताहेत. त्यांनी दोन लॉऱ्या मागवल्या.

"गाळ तो गाळ," ते म्हणाले. "जिवाणू काय, सगळीकडे सारखेच."

मी म्हटलं, सर, तळ्याचा गाळ आणि प्लांटचा गाळ यांत फरक असतो. त्यांनी ऐकून घेतलं. लॉऱ्या रिकाम्या झाल्या. गाळ काळाभोर, लोण्यासारखा मऊ होता. सेतूनं तो फावड्यानं टाकीत लोटला आणि शेवटी, सवयच म्हणायची, वाकून हातानं कालवला. मनगटापर्यंत.

"धरेल," तो मला म्हणाला. "पाहा तूं."

३

धरलं. दोन दिवसांत असं धरलं की मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पाणी तपासायची रीत सोपी आहे. पाणी बाटलीत भरायचं, बूच घट्ट लावायचं, अंधाऱ्या पेटीत ठेवायचं, आणि काही दिवसांनी आत प्राणवायू किती उरला ते बघायचं. घाण असेल तर ती खाताना जिवाणू प्राणवायू संपवतात. जेवढी तूट, तेवढी घाण. थोडी तूट असतेच. नदीच्या पाण्यात असते, विहिरीच्या पाण्यात असते.

आमच्या बाटल्यांत तूट नव्हती. काहीच नव्हती. दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि गावाच्या संडासातून आलेलं पाणी, दोन्ही शेजारी ठेवली तर ओळखता येऊ नयेत.

मी म्हटलं रसायन जुनं असेल. नवीन फोडलं. म्हटलं बाटल्या नीट धुतल्या नसतील. उकळून घेतल्या. म्हटलं माझेच डोळे थकलेत. ते खरं होतंच, पण आकडा तोच येत राहिला.

अरुणकुमार खुशीत होते. "मॅडम, निकाल चांगला आला म्हणून रडणारी माणसं मी पहिल्यांदाच बघतोय."

"सर, इतकं साफ पाणी नसतं."

"आता आहे," ते म्हणाले आणि फोटो काढायला गेले.

४

कावेरीचं पाणी सुटलेलं नसलं की अरसलार नदीत बराच लांबवर फक्त आमचंच पाणी वाहतं. घाणेरडी असली तरी नदी होती ती. हिरवी, गोगलगायींनी भरलेली, जलपर्णीत बेडूक, काठावर बगळ्यांची रांग. लोक 'जिलेबी' म्हणतात तो मासा तर बादलीनं मिळायचा.

पाणी भरून घ्यायला मी पाइपाच्या तोंडाशी उतरले तर तळाची वाळू दिसत होती. एकेक कण वेगळा. गोगलगायी नव्हत्या. जलपर्णी मरून पडली होती आणि तिची मुळं धुऊन ठेवल्यासारखी पांढरी. बेडकांचा आवाज नव्हता, हे जरा उशिरानं ध्यानात आलं.

काठावर मासे पडले होते. ते काही नवीन नाही, उन्हाळ्यात मरतात. पण मी दोन दिवसांनी गेले तरी ते तिथंच होते आणि तसेच. माशी बसली नव्हती. मी काडीनं एक उलटवला, वाकून हुंगला. वास नव्हता. आठवड्यानंतरही नव्हता.

तिरुप्पनंदाळकडचा हरिकृष्ण नावाचा बदकवाला कापणीनंतर आपला कळप घेऊन इकडे उतरतो. त्याची सगळी बदकं काठावर उभी होती. तो काठी आपटून दमला होता.

"पाणी बघून बदक थांबतं का कधी?" तो मला म्हणाला. "तुम्ही काय सोडताय त्यात?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तेच तर."

खायला काही नाही म्हणून बदकं उतरत नसतील, असा मी विचार केला. विचार बरोबर होता. पण बदकांना ते न उतरता कसं कळलं, हे उन्हात उभं राहून शोधायची ताकद माझ्यात नव्हती.

५

महिन्यातून एकदा दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते. जनरेटर आमचा बिघडलेलाच. ब्लोअर थांबले की प्लांटवर एकदम शांत होतं, कानांत दडे बसल्यासारखं वाटतं. हवा थांबली की बुडबुडे थांबतात आणि गाळ खाली बसतो. असं नेहमी होतं.

त्या दिवशी डबा घेऊन मी सेतूला शोधत गेले तर तो टाकीच्या कठड्यावर कोपरं टेकून उभा होता.

"ऐकतेस कीं, अक्का?"

बुडबुड-बुडबुड चाललं होतं. ब्लोअर चालू असताना उसळी येते तशी नव्हे. सावकाश. सगळ्या टाकीभर बुडबुडे एकदम वर यायचे, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा एकदम.

"तळाशीं वायू कोंडला असेल," मी म्हटलं. कुजणाऱ्या गाळात कोंडतो.

"कुजतें कोठें येथें कांहीं?" तो म्हणाला.

मी त्याच्याशेजारी उभी राहिले. तेव्हा मला जाणवलं की टाकीलाही वास नाही. गावाची घाण येऊन पडते त्या टाकीवर मी तोंड उघडं ठेवून उभी होते. आणि शेजारी सेतू उभा होता, कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यालाही वास नव्हता.

"जेव," मी म्हटलं.

"भूक नाहीं. तूं खा." आणि मग माझ्याकडे न बघता, "अक्का, मला थकवाच येत नाहीं हल्लीं."

त्या उन्हाळ्यात माझे पाय संध्याकाळपर्यंत शिशाचे होत होते. मला त्याचा हेवा वाटला, हे सांगून टाकते.

६

घरी पीठ फुगेना.

पहिल्या दिवशी मी उडदाला दोष दिला, दुसऱ्या दिवशी ग्राइंडरला. सेतू रोजच्यासारखाच कालवत होता. सकाळी झाकण काढलं की पीठ रात्री होतं तिथंच, गुळगुळीत, पांढरं, गोड. दुधाला विरजण लावलं तर तिसऱ्या दिवशीही दूधच. मी एक भांडं मुद्दाम त्याच्या हाताला लागू न देता भुवनेश्वरी मामींकडे ठेवलं. त्यांच्याकडे ते फुगून सांडलं.

"सेतूला दृष्ट लागली असेल," मामी म्हणाल्या. "पण हल्ली छान दिसतो हो. अंगावर तेज आलंय. पुन्हा मुली बघा की!"

त्याचे शर्ट मी धुते. इतकी वर्षं ते वेगळ्या बादलीत भिजवत आले. आता ते नाकाशी धरले की धुतल्यासारखे. मी खुळ्यासारखी त्याची उशी हुंगली. माझा भाऊ लहानपणापासून ज्या उशीवर झोपतो तिला तेलाचा, केसांचा, माणसाचा वास असायला हवा होता.

मग मी माझ्या परीनं जे करता येतं ते केलं. त्याचा दिवसभर घातलेला शर्ट पाण्यात भिजवला, माझं पोलकं दुसऱ्या पाण्यात, आणि दोन्ही पाणी प्लांटवर नेऊन बाटल्यांत भरलं, जिवाणूंसाठी थेंबभर गटाराचं पाणी घालून. काही दिवसांनी पोलक्याच्या बाटलीत तूट आली, भरपूर आली, लाज वाटावी इतकी. शर्टाच्या बाटलीत आली नाही.

त्या दिवशी मी खूप रडले. आई गेल्यावर त्याला मी पाठीवर घेऊन वाढवलंय. आता सबंध घरात तो असा वावरत होता की डोळे मिटले तर तो आहे की नाही ते कळू नये.

७

पुढच्या महिन्यात वीज बंद होती त्या दिवशी मी डबा न घेता टाकीवर गेले. सेतू कठड्याच्या आतल्या बाजूला, टाकीच्या काठावर उभा होता. चपला बाजूला जोडून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतो तशा. पॅंट गुडघ्यापर्यंत ओली.

"तूं आंत उतरलास?"

त्यानं बोटानं खाली दाखवलं.

बुडबुडे वर आले, थांबले, आणि या वेळी थांबूनच राहिले. गाळ बसला नव्हता. गाळ दिसतच नव्हता. पाणी नितळ होतं. ऊन सरळ खाली जात होतं.

आमच्या टाकीचा तळ सपाट आहे. काँक्रीटचा. तिची सफाई झाली तेव्हा मी आत उभी राहिलेय. तिथं पायऱ्या होत्या. काळ्या, गाळाच्याच, पण धारा नीट. देवळाच्या तळ्याला असतात तशा चारी बाजूंनी खाली उतरत गेलेल्या, आणि प्रत्येक पायरी मधोमध झिजलेली, पुष्कळ माणसांच्या पायांनी झिजते तशी. तळ जिथं असायला हवा होता तिथून त्या पुढेही खाली जात होत्या. मी नजर किती खाली नेली ते सांगता येत नाही. फार खाली एका पायरीवर काहीतरी पांढरं घडी करून ठेवलं होतं. शर्ट असावा. एकच नव्हता.

दूध कितीही ओता, दही विरजणाचंच होतं. मला तेव्हा एवढंच सुचलं.

"खालीं गेलें कीं कांहींच उरत नाहीं अंगावर," सेतू म्हणाला. "वासही नाहीं. थकवाही नाहीं. तूं किती थकलीस, अक्का."

आणि खरं सांगते, माझ्या पायांतलं शिसं उतरायला लागलं होतं. नुसतं बघून. टाचा हलक्या झाल्या, कंबर सैल झाली. कठड्याच्या आत एक पाय टाकला की झालं, इतकं ते सोपं वाटत होतं. मी भ्यायले ती त्या सुखाला. मी त्याचं मनगट पकडलं आणि ओढत प्रयोगशाळेपर्यंत नेलं. तो आला निमूटपणे. मागे बुडबुडे पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी तो कितीतरी वेळ आरशात बघत बसला होता. अंग घासायला मात्र गेला नाही. आता गरज नव्हती.

८

रविवारी त्याची सुटी होती. मी त्याला सांगितलं, आज तू घरीच राहा.

"राहातों."

"बाहेरून कुलूप लावून जातें."

तो हसला. "लाव कीं. मी कोठें जातों?"

मी मागचं दारही बंद केलं, दोन्ही किल्ल्या कनवटीला लावल्या. मामींना म्हटलं, त्याला ताप आहे, लक्ष ठेवा. प्लांटवर पाळीला विघ्नेश होता. त्याला मी चौकातून कॉफी आणायला पाठवलं, आणि वर वडेही सांगितले, म्हणजे त्याला वेळ लागेल.

कोठीत ब्लीचिंग पावडरची पोती असतात. पोतं उचलायची माझी ताकद नाही. मी ती ओढत नेली, एकामागून एक, टाकीच्या काठापर्यंत. कात्रीनं तोंडं कापली आणि आत लोटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घसा जळत होता. बुडबुडे एकदम वर आले, मोठे, वेडेवाकडे. टाकीभर फेस उसळला. मग पाणी गढूळ झालं, करडं झालं, आणि कुठंतरी खालून, देवाची शपथ, घाण वास आला. मैल्याचा. आपल्या गावाचा. मी भिंतीला टेकून बसले आणि तो वास पोटभर घेतला. टाकी मेली होती.

विघ्नेश वडे घेऊन आला आणि त्यानं नाकाला रुमाल लावला. "काय झालं, मॅडम?"

"पुन्हा कोणीतरी ॲसिड सोडलं," मी म्हटलं. "सरांना फोन कर. सांग, या खेपेला टँकर आल्याशिवाय काही घालायचं नाही."

बसमध्ये मी डोळे मिटून बसले होते. शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली. मला हसू आलं. वाटलं, घरी गेल्यावर पीठ वाटू, त्याला कालवायला लावू. एका दिवसात नाही फुगणार. हळूहळू फुगेल.

९

कुलूप होतं तसंच होतं. मामी पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, आवाजसुद्धा नाही हो, झोपला असेल.

दार उघडलं आणि ब्लीचिंगचा वास आला. मी म्हटलं, माझ्याच लुगड्याचा. पदर हुंगला, पदराला होताच. पण मी आत गेले तसा तो वाढत गेला, आणि न्हाणीघराच्या दाराशी माझे डोळे पुन्हा झोंबायला लागले.

सेतू खाली जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून. डोळे लाल. ओठ पांढरेफटक पडलेले आणि चिरलेले. अंगाची कातडी पायांपासून गळ्यापर्यंत सोलवटली होती, कडेकडेनं सुरकुतून वर आली होती. श्वास घेताना त्याच्या छातीतून बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. घरात ब्लीचिंगची चिमूटसुद्धा नाही. मी आणतच नाही. प्लांटवर दिवसभर येतो तेवढा वास पुरे होतो.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या केसांत नाक घातलं. इतक्या दिवसांनी माझ्या भावाला वास येत होता, आणि तो मी ओतलेल्याचा होता.

"मामी!" मी ओरडले. "गाडी बोलवा, दवाखान्यात न्यायचंय!" बाहेर शेंगांची टोपली कलंडल्याचा आवाज झाला, मामी धावल्या.

सेतूनं डोळे उघडले. रागावला नव्हता. त्याच्या तोंडावर इतका थकवा मी कधी पाहिला नव्हता.

"मी साफ जालों होतों, अक्का," तो म्हणाला.

मला भाजलेल्यावर पाणी घालतात एवढं आठवलं. हंडा भरलेला होता. मी तांब्या बुडवला आणि त्याच्या खांद्यावर धरला. पाणी त्याच्या अंगावरून उतरलं, पांढुरकं झालं आणि मोरीच्या जाळीतून गुडगुडत खाली गेलं. सेतू मान वळवून ते जाताना बघत होता.

"हें पाणी तेथेंच जातें कीं?"

आमच्या गल्लीची मोरी कुठं जाते ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि मेलेल्या टाकीला विरजणच हवं होतं. खोटं बोलायला हवं होतं. पण मी फार दमले होते.

"हो," मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटून घेतले. छातीतला बुडबुडा वर आला, थांबला, पुन्हा आला. सावकाश.

"मग ओत," तो म्हणाला.

मी तांब्या भरून घेतला.